बाटलीच्या तळाची भुकटी

इगतपुरी
मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५

प्रिय रिझवान,

सलाम आणि जय भीम. खालांनाही सलाम सांग. म्हणजे लगेच नको, पत्र पुरं वाच, मग सांगायचा की नाही ते तूच ठरव. वर ‘रिझ्या’ लिहिणार होतो, पण हात थांबला.

मी बरा आहे. घाट संपतो तिथं हायवेला एक हॉटेल आहे, तिथं मोरीवर आहे. मोरीवर म्हणजे ताटं, वाट्या, चहाचे ग्लास. दुपारी तीननंतर गिऱ्हाईक तुटतं, तेव्हा लिहायला बसलोय. सहा आठवड्यांत धड ऊन बघितलं नाही. ढग सरळ भटारखान्यात शिरतो आणि आचारी त्याला माणसासारख्या शिव्या देतो. मीठ रोज तव्यावर शेकावं लागतं. कागदही ओला आहे, शाई फुटते. अक्षर लागलं नाही तर राग मानू नको. तसं माझं अक्षर कधी बरं नव्हतंच, रिदा म्हणायची की

ते राहू दे.

इथं गाडीला घाट चढवायला मागून जादा इंजिनं लावलेली असतात. वर आली की ती सुटी करतात, मग ती रिकामीच खाली जातात, पुढच्या गाडीसाठी. आल्या आल्या दोन दिवस मी तेच बघत बसलो. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला, “पगारे, तू कामाला आलाय का रेल्वेची हजेरी घ्यायला?” तू असतास तर म्हणाला असतास, याला सातपूरच्या वर्कशॉपमधून पण असंच काढलं होतं.

पुदिना कसा आहे? पावसात त्याच्या मुळाशी पाणी साचू देऊ नको. वरच्या वाफ्याला चर काढलास का?

परवा दुपारी फोन आला होता ना, तो मीच. नंबर नवा आहे. तू “कोण?” म्हणालास. मी म्हटलं, पुदिना आहे का. तू “आयुष?” म्हणालास, आणि मी कट केला. म्हणून हे पत्र. फोनवर मी विषय बदलतो, तुला माहीत आहे. कागदावर बदलला तरी तू मागचं पान उलटून बघू शकशील की हा मूळ काय सांगत होता.

त्या आधी जुनं सिम घातलं होतं. तुझे अकरा मिसकॉल होते आणि एक मेसेज, आवाजातला. मोरीपाशी उभं राहून ऐकला. तू म्हणालास, “रिदाच्या चाळीसाव्याला आला नाहीस, ठीक आहे. माझ्याशी काही वाकडं असेल, तेही ठीक. पण अम्मीला एकदा भेट रे. ती फिनाईलनं हात धुते. कातडी निघालीय. कणकेला हात लावत नाही, मला पाणीसुद्धा ओतून देत नाही. बावीसच्या जुम्म्याला मालेगावला मामूकडं जाते म्हणते, कायमची. म्हणते, एक गेली माझ्या हातानं, तू तरी राहा.”

नंतर नळ चालूच राहिला. मालक ओरडला.

रिझवान, खालांच्या हातात काही नव्हतं. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढं भरकटलो तरी एवढं लिहिलेलं राहील. रिदाला टायफॉइड खालांच्या हातानं झाला नाही.

आता बाकीचं.

मी सांडपाण्याच्या प्रकल्पात लागलो ते तुला आठवत असेल. स्नेहा मॅडमना मोटरसायकलवाला माणूस हवा होता, शिक्षणाची अट नव्हती, फक्त वक्तशीर पाहिजे असं म्हणाल्या होत्या आणि मी मान हलवली होती. पहिल्या दिवशी त्यांनी प्लांटवर सगळं समजावलं. शहराचं सांडपाणी साफ करून सोडलं तरी त्यात नत्र, स्फुरद उरतं, म्हणजे आपण खताच्या गोण्या नदीत ओततो आणि शेतकरी वर खत विकत आणतो. ते पाणी शेवटी औषध टाकून, म्हणजे क्लोरीन, भाजीला द्यायचं आणि बघायचं, खत किती मिळतं आणि जंतू किती उरतात. म्हणून बाटल्या दोन तऱ्हेच्या. प्लास्टिकची खताची. काचेची, कागदाची टोपी बांधलेली, ती जंतूंची. मॅडम म्हणाल्या, “खताची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, मग भरायची.” इथवर मी ऐकलं.

तिथं एक गोल टाकी आहे, तिच्यावर लोखंडी दांडा सावकाश फिरत असतो. त्या दांड्यावर पाच बगळे बसले होते आणि फुकट फेरी मारत होते. एक खाली पडला, उडाला, परत येऊन आपल्याच जागेवर बसला. मी ते बघायला गेलो. परत आलो तेव्हा मॅडम कागद पुढं करत होत्या, ‘नमुना कसा घ्यायचा हे समजले’ असा. मी सही केली. तीही अर्धी, मी नेहमी मारतो तशी रेघ.

जंतूंच्या बाटलीचं काय सांगितलं, ते मी ऐकलं नव्हतं.

तुला मीच यात ओढलं. तू म्हणाला होतास, “गटाराचं पाणी माझ्या मेथीला? गिऱ्हाईक तोंडावर थुंकेल.” आणि खाला चुलीपासून म्हणाल्या होत्या, “नदीला तरी काय गुलाबपाणी वाहतंय, बेटा? निदान याचं कोणी तपासतंय तरी.” या एका वाक्यावर तू हो म्हणालास. मी तपासतोय या वाक्यावर.

मग जानेवारीपासून दर सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी साडेनऊला, तुझ्या मळ्याच्या टोकाला पाइपच्या तोंडाशी. रिदा तिथंच बांधावर जुड्या बांधत बसायची. सुतळी पाटात ओली करायची, एक टोक दातात धरायचं, दुसरं हातानं आवळायचं. शंभर जुड्या झाल्या तरी मान वर नाही. मला ‘बाटलीवाले’ म्हणायची. चिठ्ठीवर स्थळ, वार, वेळ तीच लिहून द्यायची, म्हणायची तुमचं अक्षर वाचायला लॅबवाल्यांना हकीम लागेल. मग खाली ‘नमुना घेणारा’ असं लिहायची आणि मी रेघ मारायचो.

आमच्या घरचं तुला माहीत आहे. आई कुठलंही भांडं तीनदा विसळल्याशिवाय भरत नाही. पाहुण्याच्या घरी गेली तरी ग्लास विसळून घेते, मला लहानपणी लाज वाटायची. एकदा विचारलं तर म्हणाली, “माझ्या आईला विहिरीवर वरून पाणी ओतायचे, भांडं बाटेल म्हणून. आपल्या भांड्याला कोणी बोट लावायला जागा ठेवायची नाही.” तेव्हापासून मीही विसळतो. विचार न करता, डोळ्याची पापणी लवते तसं. तर प्लास्टिकची बाटली विसळायची आणि काचेची तशीच भरायची, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. उलट काचेचीच जास्त विसळली. कारण तिच्या तळाला कसलीतरी पांढरी भुकटी असायची, चिमूटभर. मला वाटलं, लॅबमध्ये नीट धुतली नाही.

पुढचं लिहायचं म्हणून गेले दोन दिवस मी घाटातली इंजिनं बघत होतो.

फेब्रुवारीत कधीतरी, गुरुवारच होता. मी काचेची बाटली विसळत होतो आणि रिदा बघत होती. तोंडातली सुतळी काढून म्हणाली, “काय होतं त्यात पांढरं?”

मी म्हटलं, “मळ आहे. धुवून टाकतो.”

ती म्हणाली, “प्रत्येक बाटलीत? आणि सारखाच?”

मी म्हटलं, “बी.ए.ला सायन्स पण असतं वाटतं.”

ती हसली, परत सुतळी दातात धरली. बस. एवढंच झालं. तिनं विचारलं होतं रिझवान. एकोणीस वर्षांच्या पोरीनं, घरी बसून बी.ए. करणाऱ्या, तिला दिसलं. मला दिसलं नाही.

ती भुकटी मळ नव्हती. हे मला जुलैत कळलं.

रिपोर्ट येत गेले, जंतू शून्य. परत शून्य. मॅडमसुद्धा म्हणाल्या, इतकं छान कसं, औषधाचं प्रमाण बरोबर बसलंय. पहिला रिपोर्ट मी प्लास्टिकमध्ये घालून तुझ्या शेडच्या खांबाला लावला. खालांनी शीरखुर्मा केला होता, ईद नसताना. तू मार्केटला जाताना तो कागद मोबाईलवर फोटो काढून नेलास, व्यापाऱ्याला दाखवायला. युरिया न घालता मेथी अशी काळीशार आली होती की बांधावरून जाणारा माणूस थांबायचा.

मग मे महिना. पहिले पाच दिवस आपण उन्हाचा ताप म्हणालो. बाराव्या दिवशी रिदाला नाशिकला नेलं तेव्हा आतड्याला भोक पडलेलं होतं. तीन जून. तुला तारीख सांगायची गरज नाही.

नंतर आरोग्य खात्याची माणसं आली, मीही उभा होतो तिथं. त्यांनी विहीर बघितली, संडास बघितला, मग खांबाचा कागद वाचला. त्यातला चष्मेवाला म्हणाला, “पाणी तर क्लीन आहे. मग घरातूनच आलंय. स्वयंपाक कोण करतं?” खाला पदर सावरून पुढं झाल्या. खात्याच्या माणसांनी समजावलं की कधीकधी माणसाला स्वतःला काही होत नाही, पण त्याच्या पोटात ते जंतू वर्षानुवर्षं राहतात आणि हातातून दुसऱ्याला जातात. तपासणीत काही निघालं नाही तर म्हणाले, एका तपासणीत दिसतंच असं नाही.

खालांनी त्यावेळी आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले होते. तू डॉक्टरशी बोलत होतास. मी बघत होतो, आणि मला तेव्हा खरंच वाटलं, असेल बाबा. माझा माझ्या शून्यावर एवढा विश्वास होता.

मालक हाक मारतोय. ग्लास साचलेत.

बुधवार, २० ऑगस्ट

काल इथवर लिहिलं आणि वाचून बघितलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. याआधी तीन पत्रं फाडलीत, दर वेळी लिहिताना ते आणखी स्वच्छ होत गेलं. तिसऱ्यात तर माझा दोष एका ओळीचा उरला होता.

जुलैच्या सात तारखेला निकिता आली. मॅडमकडं नवीन लागलेली, एम.एस्सी. झालेली. मी तिला नमुना घ्यायला शिकवत होतो, विचार कर, मी. काचेची बाटली उघडली, पाणी घेतलं, हलवलं, ओतलं. तिनं माझं मनगट धरलं.

“अहो, काय करताय?”

“विसळतोय.”

“ही नाही विसळायची. यातली पावडर गेली ना.”

“कसली पावडर?”

मग तिनं सांगितलं. लहान पोराला सांगतात तसं सांगितलं, रागावली नाही. पाण्यात क्लोरीन असतं. पाइपच्या तोंडाशी ते अजून मारायचं काम करत असतं, पुरतं मारून झालेलं नसतं. ती भुकटी बाटलीत पडल्या पडल्या क्लोरीन थांबवते, म्हणजे त्या घडीला पाण्यात जे जिवंत आहे ते तसंच लॅबपर्यंत जातं. भुकटी धुतली की क्लोरीन बंद बाटलीत, अंधारात, तसंच मारत राहतं. लॅबला पोचेपर्यंत चार तास. तिथं काय उरणार?

मी विचारलं, “आणि पाटातलं पाणी?”

ती म्हणाली, “पाटात ऊन लागतं, चिखल लागतो, क्लोरीन वाफ्यापर्यंत जातंय कुठं. जे जगलं ते जगलं.”

आणि त्याच पाटात रिदा सुतळी भिजवून दातात धरायची. म्हणजे मी तुझं पाणी कधी तपासलंच नाही. मी बाटलीत जंतू मारून नेत होतो आणि मेलेले मोजून आणत होतो. पहिल्या आठवड्यात खरा आकडा गेला असता तर मॅडमनी औषध वाढवलं असतं नाहीतर पाणी बंद केलं असतं. एका चिमटीचा प्रश्न होता.

त्या दिवशी मी निकिताला म्हटलं, आजच घाईत चुकलो. ती म्हणाली, होतं असं. मग मी तिच्यासमोर एक बाटली न विसळता भरली, आणि ती गेल्यावर एक विसळून. दोन्ही पाठवल्या. नऊ तारखेला रिपोर्ट आले. विसळलेली शून्य. न विसळलेलीत मोजण्यापलीकडे. निकितानं फोनवर सांगितलं, मॅडम म्हणतायत पावसाचं गढूळ पाणी शिरलं असेल, सध्या मळ्याचं पाणी बंद करा. पाऊस. आयतं कारण मिळालं. त्या क्षणी हे सगळं जगात एकट्या मला माहीत होतं. आणि दुसरं जिला कळलं असतं ती तीन जूनला गेली होती.

मी नमुन्यांची बर्फाची पेटी मॅडमच्या दारात ठेवली, गाडी चालू केली आणि इगतपुरीपर्यंत थांबलो नाही. चाळीसावा तीन दिवसांवर होता.

पोलिसांची भीती होती, ते खोटं कशाला सांगू. मॅडमचं वाटोळं होईल ही पण होती. पण पळालो ते त्याला नाही. मला वाटलं, तुझ्यासमोर उभा राहिलो की तू विचारशील, “तिला काही कळलं होतं का?” आणि मला ‘प्रत्येक बाटलीत? आणि सारखाच?’ हे तुला सांगावं लागेल.

सांगितलं.

अजून एक आहे. मेथी फक्त तुमच्या घरात शिजली नाही. जानेवारीपासून जूनपर्यंत रोज दोनशे जुड्या मार्केटला गेल्या, कोथिंबीर गेली, पुदिना गेला. मेथी शिजते, कोथिंबीर कोण शिजवतं. नाशकात या उन्हाळ्यात किती घरांत ताप आला आणि त्यांनी पाणीपुरीवाल्याला दोष दिला, हे कोणाला कळणार नाही. मोरीवर ताटात उरलेली कोथिंबीर दिसली की मी मोजायला लागतो. मोजता येत नाही.

आज दुपारी पोस्टात गेलो. हेच सगळं थोडक्यात मॅडमना लिहिलं, जानेवारी ते जुलै एकूण एक काचेची बाटली मी विसळली होती, सगळे शून्य खोटे आहेत, असं. रजिस्टर केलं. पावती खिशात आहे. ते मुद्दाम आधी केलं, कारण मला मी माहीत आहे. आता वाटेत बगळे दिसले तरी उपयोग नाही.

तुझं पत्र मात्र पोस्टात टाकलं नाही. जुम्म्याच्या आत पोचेल याची खात्री पोस्टमास्तर देईना.

गुरुवार, २१ ऑगस्ट
मळ्यावर

पहाटेच्या गाडीनं आलो. वाटेत कुठं उतरलो नाही.

बांधावर बसून लिहितोय, रिदाच्या दगडावर नाही, त्याच्या शेजारी. पाइपचं तोंड कोरडं आहे, आत गोगलगाय बसलीय. वरच्या वाफ्याला तू चर काढलेला नाहीस, पुदिना काळा पडलाय. शेडच्या खांबाला तो कागद अजून आहे. मी आल्या आल्या काढणार होतो. मग वाटलं, नको, तो तूच काढ, वाचून झाल्यावर.

खाला नळावर आहेत. मी आलोय हे त्यांना दिसलं नाही. बादलीत दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून बसल्यात, बराच वेळ झाला. दारात गाठोडं आणि पत्र्याची पेटी बांधून ठेवलीय.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. माफ केलंस तर मी ते घेऊन कुठं जाऊ. मारलंस तर उभा राहीन, हाकललंस तर पोलिसांकडं जाईन, मॅडमना लिहिलेलं पत्र पोचलं की बहुतेक तेच बोलावतील. तुझ्याकडं एकच मागतो. पेटी उचलायच्या आधी हे खालांना वाचून दाखव. मराठी त्यांना वाचता येत नाही, रिदा वाचून द्यायची. सगळं नको. पहिल्या दिवसाचं पान काढ, मधली ती एक ओळ आहे, खालांच्या हातात काही नव्हतं. ती वाच. त्यांनी विश्वास ठेवला नाही तर परत वाच. आणि रिदानं विचारलं होतं ते पण वाच. आईला कळू दे की आपल्या पोरीला दिसलं होतं.

त्यानं रिदा येत नाही. खालांचे हात बरे होतील एवढंच, कदाचित तेही नाही.

तू मोटर बंद केलीस. फावडं टेकवून इकडं बघतोयस. ओळखलंस. चालत येतोयस, घाई न करता.

आजची चिठ्ठी मीच लिहितो, वाचायला हकीम लागू नये अशी.

स्थळ : शेख यांचा मळा, पाइपचं तोंड
वार : गुरुवार
वेळ : सकाळी साडेनऊ
नमुना घेणारा : आयुष धोंडीराम पगारे